‘योग्य उमेदवार मिळाला नाही’: एका शेऱ्याचा इतिहास



हा भाग चित्रित केला तेव्हा मी वीस-बावीस मिनिटांत आटोपता घेतला होता. पुस्तकासाठी लिहिताना त्यात दोन गोष्टींची भर घातली आहे. एक म्हणजे तारखा आणि आकडे. दुसरी गोष्ट कॅमेऱ्यासमोर माझ्याच्यानं सांगवली नव्हती. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास मी का सांगतोय ते कळेल.

2005 साल. मी लेफ्टनंट कर्नल होतो. लष्कराच्या एका डेपोत नागरी कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी अधिकाऱ्यांचा बोर्ड बसला होता आणि त्याचा अध्यक्ष मी होतो. लष्करात सगळेच वर्दीवाले नसतात. लिपिक, भांडारपाल, सुतार, आचारी असे पुष्कळ नागरी लोक असतात आणि त्यांच्या भरतीला केंद्र सरकारचे नेहमीचे आरक्षणाचे नियम लागू होतात. आमच्याकडे कनिष्ठ लिपिकाची एक जागा कर्णबधिर उमेदवारासाठी राखीव होती.

एक तरुण आला. टंकलेखनाच्या चाचणीत तो वरच्या दोघा-तिघांत होता. मुलाखतीला आला तेव्हा खोलीत खुणांची भाषा जाणणारं कोणी नव्हतं, कारण तशी सोय करायची असते हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी प्रश्न विचारला. त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं, खिशातून छोटी वही काढून माझ्यापुढे सरकवली आणि वर पेन ठेवलं. प्रश्न लिहून द्या, असं त्याचं म्हणणं. आम्ही दोन प्रश्न लिहिले. त्यानं नीटनेटक्या अक्षरात उत्तरं लिहिली. मग एक सदस्य म्हणाला, “सर, फोन आला तर हा काय करणार?” कोणी काही बोललं नाही. मीही मान हलवली. फाइलवर शेरा पडला, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’. त्याखाली सही माझी.

आता यातली खरी गोम ऐका. मी तोफखान्याचा माणूस. वीसेक वर्षं तोफांच्या शेजारी काढलेली. माझा उजवा कान तोवर जवळजवळ निकामी झाला होता आणि लष्कराच्या वैद्यकीय श्रेणीत माझ्या श्रवणाचा दर्जा खाली आला होता. फोन मी कायम डाव्या कानाला लावत असे. लाइन खराब असली की शेजारच्या हवालदाराच्या हातात रिसीव्हर देऊन म्हणत असे, “बघ रे, काय म्हणतायत.” मला मात्र कधी कोणी विचारलं नाही की साहेब, फोन आला तर तुम्ही काय करणार?

सरकारी नोकरीत दिव्यांगांना जागा कशी मिळत गेली याचा इतिहास मी निवृत्तीनंतर वाचायला घेतला, तो या सहीमुळे.

सुरुवात जखमी सैनिकापासून

या इतिहासाची सुरुवात माझ्याच पेशात आहे. पहिल्या महायुद्धात भारतातून लाखो सैनिक परदेशी लढायला गेले. हात गमावलेले, पाय गमावलेले जवान मुंबईच्या बंदरात उतरू लागले. त्यांचं पुढे काय करायचं, म्हणून 1917 साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाची एक शाळा निघाली. जखमी सैनिकाला एखादा हुन्नर शिकवून पोटापाण्याला लावायचं, हे तिचं काम. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. शंभरहून अधिक वर्षं झाली, संस्था आजही तिथेच आहे.

युरोपातही तेच चाललं होतं. युद्ध संपल्यावर काही वर्षांत जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स या देशांनी कायदे केले की मालकानं अमुक इतक्या प्रमाणात युद्धात जखमी झालेल्यांना कामावर घेतलंच पाहिजे. नोकरीत अपंगांसाठी कोटा ही कल्पना अशी रणांगणावरून आली. ब्रिटननं आधी सक्ती न करता मालकांना आवाहन केलं. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1944 साली, तिथेही कायदा आला. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असलेल्या मालकानं तीन टक्के जागा नोंदणी झालेल्या अपंगांना द्यायच्या. हा कायदा फक्त सैनिकांपुरता नव्हता, हे त्याचं मोठेपण.

त्याच कायद्याखाली दोन कामं पूर्णपणे अपंगांसाठी राखून ठेवली गेली. कोणती? लिफ्ट चालवणं आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर देखरेख करणं. हेतू चांगलाच होता. पण या माणसाला काय जमेल याचा विचार करताना सरकारच्या डोळ्यांपुढे स्टूलावर बसलेला एक माणूस आला, दुसरं काही आलं नाही. ही दोन कामं लक्षात ठेवा. आपल्याकडेही पुढे हेच होणार आहे.

तीन टक्के, पण खालच्या जागांवर

स्वतंत्र भारतात 1959 साली अपंगांसाठी पहिलं विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत सुरू झालं. नाव नोंदवायची सोय झाली, पण जागा राखीव नव्हत्या. नाव नोंदवून माणूस पोस्टमनची वाट बघत बसे.

त्या काळातलं एक नाव तुम्हाला आता सिनेमामुळे ठाऊक झालं आहे, मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातला हा लष्करी जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यानं पोहण्यात देशाला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्याला नोकरी मिळाली ती पुण्याच्या टेल्को या खासगी कारखान्यात. त्या वेळी केंद्र सरकारच्या सेवेत अपंगांसाठी एकही टक्का राखीव नव्हता.

तो आला 1977 मध्ये. अंधांना एक टक्का, कर्णबधिरांना एक, अस्थिव्यंग असलेल्यांना एक, असे एकूण तीन. पण फक्त वर्ग क आणि ड मध्ये, म्हणजे लिपिक, शिपाई, हमाल या पातळीवर. अधिकाऱ्याच्या खुर्चीचा विषयच नव्हता. ही तरतूद होती सरकारी आदेशाची, कायद्याची नव्हे. आदेश पाळला नाही तर काय, याला उत्तर नव्हतं. मार्च 1980 मध्ये आपल्या मागण्या घेऊन दिल्लीत आलेल्या अंध निदर्शकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ज्यांना लाठी कुठून येते ते दिसत नव्हतं, अशा माणसांवर. ते निदर्शक नोकरी मागायला आले होते, हे आपण विसरू नये.

यादी

आता या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद येतो. कोणतं पद कोणत्या अपंगत्वाच्या माणसाला जमेल, याची यादी. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत तिला पदसुनिश्चिती म्हणतात. 1986 साली केंद्राच्या समितीनं वर्ग अ आणि ब मधली 400 हून अधिक पदं अशी निवडली. तोवर दार बंद होतं, त्यामुळे यादी ही चांगलीच बातमी होती.

पण यादी झाली आणि परीक्षा तशीच राहिली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंध उमेदवारानं पेपर लिहायचा कसा? ब्रेल चालत नव्हतं, लेखनिक मिळत नव्हता. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 1993 साली न्यायालयानं सांगितलं की जी पदं तुम्हीच योग्य ठरवली आहेत त्यांच्यासाठी अंध उमेदवारांना ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीनं परीक्षा द्यायला मिळालीच पाहिजे. विचार करा, पद योग्य ठरवून सात वर्षं झाली होती आणि परीक्षेच्या खोलीचं दार उघडायला न्यायालयात जावं लागलं.

मग 1995 चा कायदा आला. दिल्लीत जावेद अबिदी आणि त्यांच्यासारखे कितीतरी कार्यकर्ते व्हीलचेअरवर, कुबड्यांवर रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर 1995 मध्ये संसदेनं कायदा मंजूर केला. 7 फेब्रुवारी 1996 पासून तो लागू झाला. तीन टक्के आता कायद्यात आले आणि अधिकाऱ्यांच्या जागांनाही लागू झाले. कलम 32 म्हणत होतं, पदांची यादी करा आणि दर तीन वर्षांच्या आत ती तपासा. कलम 33 म्हणत होतं, तीन टक्के जागा राखा.

या दोन कलमांच्या मध्ये खूप माणसं अडकून पडली.

गणित

कसं ते सांगतो. समजा एका खात्यात अधिकाऱ्यांच्या 1000 जागा आहेत. यादीप्रमाणे त्यातल्या 200 ‘योग्य’ ठरल्या. आता तीन टक्के कशाचे काढायचे? 1000 चे काढले तर 30 जागा. 200 चे काढले तर 6. खात्यानं काय केलं असेल ते सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको. 2005 च्या केंद्राच्या आदेशात वर्ग अ आणि ब साठी हिशेब यादीतल्या पदांवरच करायचा असं लिहिलं होतं. आणखी एक युक्तिवाद होता. यादी अजून पूर्ण झालेली नाही, म्हणून आरक्षण अजून लागू नाही. म्हणजे ज्यानं यादी करायची त्यानंच ती रखडवली, की देणं संपलं. 2010 मध्ये एका दृष्टिहीन उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा युक्तिवाद फेटाळला.

गणिताचा निकाल लागला 8 ऑक्टोबर 2013 रोजी. पुन्हा तीच अंधांची संघटना, समोर केंद्र सरकार. संघटनेची बाजू मांडणारे ज्येष्ठ वकील एस. के. रुंगटा स्वतः दृष्टिहीन. न्यायालयानं ठरवलं की तीन टक्के हे त्या संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर मोजायचे, यादीतल्या जागांवर नाही. यादीचा उपयोग माणसाला कुठे नेमायचं एवढ्यापुरता. किती माणसं घ्यायची ते यादी ठरवणार नाही. 1996 ते 2013 ही सतरा वर्षं त्यात गेली. तेवढ्या काळात बावीस वर्षांचा उमेदवार एकोणचाळीसचा होतो आणि वयोमर्यादेतून बाहेर पडतो.

माझ्या फाइलवरच्या शेऱ्याचं पुढे काय झालं तेही याच कायद्यानं ठरलं. कलम 36 प्रमाणे योग्य माणूस मिळाला नाही तर जागा पुढच्या भरती वर्षात न्यायची. तेव्हाही मिळाला नाही तर अपंगत्वाच्या दुसऱ्या प्रकारातल्या उमेदवाराला द्यायची. तोही नसेल तरच इतर कोणाला. कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल की हे कुलूप पुरेसं आहे. पण या कुलपाची किल्ली एका वाक्यात होती. दोन वर्षं तेच वाक्य लिहिलं की जागा सुटी होते. आमची सुटली. सगळं नियमात बसवून.

आपला माणूस

आता थोडं लष्कराबद्दल, कारण इथे माझ्या मनाला जास्त लागतं.

1994 साली नियंत्रण रेषेवर आमच्या निरीक्षण चौकीतला एक वायरलेस ऑपरेटर सुरुंगावर पडला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून काही महिन्यांनी तो युनिटमध्ये परत आला. आमच्या कमांडिंग ऑफिसरनं सुभेदार मेजरना बोलावून विचारलं, “साब, याला कुठे ठेवायचं?” ते म्हणाले, “साहेब, वायरलेसच्या स्टोअरला माणूस हवाच आहे. सेट याच्याइतका कोणाला कळतो?” दहा मिनिटांत निर्णय झाला. कोणी यादी मागवली नाही. बॅटऱ्यांची मांडणी फक्त वरच्या फळीवरून खाली आणली, कारण त्याला शिडी चढायला त्रास होई. आज कायद्याच्या भाषेत याला वाजवी सोय म्हणतात. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो. आपला माणूस होता, एवढंच.

लष्कराच्या इतिहासात अशी मोठी नावंही आहेत. 1971 च्या युद्धात सिल्हटच्या भागात सुरुंगावर पाय पडल्यावर इयान कार्डोझो यांनी स्वतःचा निकामी पाय खुकरीनं कापला. ते पुढे बटालियनचे आणि ब्रिगेडचे कमांडर झाले, मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले आणि नंतर भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्षही होते. 1965 च्या युद्धात पाय गमावलेले विजय ओबेरॉय लष्कराचे उपप्रमुख झाले. म्हणजे एक पाय नसलेला माणूस देशाच्या सैन्यात दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसू शकतो, हे आम्ही करून दाखवलं आहे.

पण मंडळी, हे त्यांच्या जिद्दीमुळे आणि वरिष्ठांच्या मोठ्या मनामुळे घडलं. हक्कानं नाही. 1995 च्या कायद्यात कलम 47 होतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही, पगार तोच ठेवून झेपेल त्या कामावर घ्यायचं, आणि पदच नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. कुणाल सिंग नावाच्या निमलष्करी दलातल्या शिपायाचा पाय कापावा लागला, त्याला सेवेतून मोकळं केलं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2003 मध्ये जिंकला. लष्करातल्या लढाऊ जवानांना मात्र 2002 च्या अधिसूचनेनं या कलमातून वगळलं. माझा तो ऑपरेटर टिकला तो आमच्या सुभेदार मेजरांमुळे. दुसऱ्या एखाद्या युनिटमध्ये असता तर पेन्शन घेऊन घरी गेला असता आणि कायदा त्याच्या मदतीला आला नसता.

लढाऊ भरतीत शरीराची कसोटी असावी की नसावी? असावी, असं मला आजही वाटतं. रात्री अकरा हजार फुटांवर गोळे वाहून नेणाऱ्याच्या शरीराबद्दल विचारणं अन्याय नाही. पण वर्दीच्या या नियमाची सवय आम्हाला इतकी लागते की आम्ही तो लिपिकाच्या खुर्चीलाही लावतो. बोर्डावर मी तेच केलं. आपल्या माणसासाठी मी फळी खाली आणली होती. परक्या पोरासाठी मला एक फोन बाजूला सरकवता आला नाही.

2016 नंतर

2007 मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याला धरून 2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा झाला, 19 एप्रिल 2017 पासून लागू. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले. आरक्षण 3 वरून 4 टक्के झालं. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. ही माणसं आधीच्या मोजणीत जवळपास नव्हतीच. आणि ‘वाजवी सोय’ करणं हे सरकारी आस्थापनेचं कर्तव्य ठरलं. सोय म्हणजे उपकार नाही, ती नाकारणं म्हणजे भेदभाव, असं कायदा सांगतो.

तरी माणसांची वाट सोपी झाली नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण घ्या. लहानपणीच दृष्टी गेलेली. 2016 मध्ये नागरी सेवा परीक्षेत 773 वा क्रमांक आला, रेल्वेची लेखा सेवा मिळाली, पण पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून नेमणूक नाकारली गेली. त्या पुन्हा बसल्या आणि 124 वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. 2019 मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी सूत्रं हाती घेतली. जी बाई एका कार्यालयाला हिशेब बघायला चालली नाही, तिनं केरळच्या राजधानीत महसुलाचा कारभार पाहिला.

2021 साली सर्वोच्च न्यायालयासमोर लिहिताना हात आखडणारा एक उमेदवार आला. लोकसेवा आयोगाच्या नियमात तो ठरलेल्या चौकटीत बसत नव्हता म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं, 40 टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिकासाठी नाही. ज्याला खरोखर अडचण आहे त्याला सोय द्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं भारतीय पोलीस सेवा आणि रेल्वे संरक्षण दलाच्या सेवेसह काही पदं आरक्षणातून वगळली. मार्च 2022 मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन दिव्यांग उमेदवारांना त्या सेवांसाठी तात्पुरता अर्ज करू दिला. वाद असा अजून चालतच असतो.

आणि इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरच्या आपल्या वाचकांना आठवत असेल ते 3 मार्च 2025 चं प्रकरण. मध्य प्रदेशाच्या न्यायिक सेवेच्या नियमात दृष्टिहीनांना न्यायाधीश होण्याची बंदी होती. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्राची न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि तो नियम रद्द झाला. 1993 मध्ये परीक्षेच्या खोलीचं दार उघडलं होतं, 2025 मध्ये न्यायासनाचं.

शेऱ्याच्या खाली सही करण्याआधी

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा मोजलेले प्रकार आजच्या 21 पेक्षा बरेच कमी होते. सगळ्यांना सरकारी नोकरी मिळणार नाही, तशी ती कोणालाच मिळत नाही. पण ज्या जागा राखीव आहेत त्या तरी भरल्या पाहिजेत. आणि त्या रिकाम्या राहतात त्या कायद्यात फट आहे म्हणून नव्हे, तर त्या खोलीत बसलेल्या आमच्यासारख्या तीन-चार माणसांमुळे.

तुमच्यापैकी अनेकजण निवड समितीवर बसतात. बँकेत, महामंडळात, विद्यापीठात, नगरपालिकेत. त्यांना अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

पहिली, पदाचं नाव बाजूला ठेवून दिवसभराची कामं कागदावर मांडा. आमच्या लिपिकाच्या कामात टंकलेखन, आवक-जावक नोंदवही, फाइली लावणं आणि फोन होता. चारातलं एक काम शेजारच्या टेबलावर गेलं असतं तर काहीही बिघडलं नसतं.

दुसरी, उमेदवारालाच विचारा, तू हे कसं करशील? त्यानं आयुष्यभर तोच विचार केलेला असतो. त्या मुलानं तर उत्तर माझ्यापुढे ठेवलं होतं, वही आणि पेन.

तिसरी, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असं मोघम लिहू नका. कोणतं काम जमणार नाही, त्यासाठी कोणती सोय करून पाहिली, ती का चालली नाही, हे तीन ओळींत लिहा. लिहिता आलं नाही तर समजा की कारणच नाही. 2016 च्या कायद्यातही जागा पुढे नेण्याची आणि दुसऱ्या प्रकारात फिरवण्याची वाट तशीच आहे. म्हणजे त्या वाक्याची ताकद अजून तेवढीच आहे. 2016 पासून केंद्रात वर्ग क च्या मुलाखती बंद झाल्या, ते चांगलंच झालं. पण कौशल्य चाचणी आहे, वैद्यकीय तपासणी आहे, कागदपत्रांची पडताळणी आहे. खोली बदलली, शेरा मारणारा हात आहेच.

चौथी, नेमणुकीनं काम संपत नाही. दृष्टिहीन माणसाला रुजू करून घ्यायचं आणि संगणकावर पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायचं नाही, हे मी पाहिलं आहे. एनव्हीडीए नावाचं तसं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ते न बसवता ‘बसून राहा, पगार मिळतोय ना’ असं म्हणणं हा त्या माणसाचा रोजचा अपमान आहे. तक्रारीसाठी प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, तो कोण हे विचारा. नाव सांगता आलं नाही तर तिथूनच सुरुवात करा.

आता माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. हे भाग चित्रित करताना समोरचा मुलगा प्रश्न पाटीवर लिहून दाखवतो, कारण यंत्र असूनही मला सगळं ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी त्यानं पाटी वर धरली तेव्हा मला ती वही आठवली. त्या दिवशी मी बोलू शकलो नाही, म्हणून आज लिहिलं.

हा भाग वाचून तुमच्या कार्यालयातली एखादी राखीव जागा भरली गेली तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.

जय हिंद.